डाव्या हाताची सही

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये पप्पांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हा मी हिंजवडीत स्टँडअप कॉलवर होतो. आईचे दोन मिस्ड कॉल दिसले. तरी मी आधी माझा अपडेट दिला आणि मग फोन लावला. हे मी बरेच महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. शिवाय सेन्सर असतो, मधे काही आलं की मशीन थांबतं. पण असं नियमात काम केलं तर तासाला नग कमी निघतात. म्हणून त्या मशीनचं एक बटण कायमचं दाबून बांधलेलं होतं आणि सेन्सर बायपास केलेला होता. पप्पांना माहीत होतं. सगळ्या लाइनला माहीत होतं. मला नोकरी लागून वर्ष होत आलं होतं, तरी ‘लोन मी काढलंय, मीच फेडणार’ म्हणत ते डबल ड्यूटी करत होते. लोन माझ्या इंजिनिअरिंगचं.

पिंपरीतल्या आमच्या दोन खोल्यांत मंडळीतली माणसं भेटायला यायची. चांगली माणसं, डबे घेऊन यायची. पण सूर एकच: प्रभू कसोटी पाहतोय, सोनं आगीतूनच निघतं. मला वाटायचं, बायपासची वायर काही प्रभूने जोडली नव्हती. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. पुढे ते बोलायला लागले आणि तिथेच बिघडलं. मी उपासनेला जाणं बंद केलं. रविवारी सकाळी लॅपटॉप उघडून ‘रिलीज आहे’ म्हणायचो. आठ महिने दर रविवारी कुठल्या कंपनीचा रिलीज असतो, हे आईने कधी विचारलं नाही.

आजीने वाद घातला नाही. ती नगरकडची. पंडिता रमाबाईंबद्दल ती अशी बोलते जणू त्या शेजारच्या गल्लीत राहायच्या. ‘त्या बाईचं वाच एकदा,’ एवढंच म्हणाली. लहानपणी तिने मला दौंडच्या गाडीने केडगावला, मुक्ती मिशनला नेलं होतं. तेव्हाचं मला फक्त ऊन आठवतं.

वाचलं ते तावातावानेच. आई, वडील, बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेली. 1880मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि 1882मध्ये नवरा गेला. पदरात मनोरमा. 1883मध्ये डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो रस्ताही बंद झाला. बाप्तिस्मा त्याच वर्षीचा. साक्ष देणारे इथे थांबतात, जणू पुढे सगळं सुरळीत झालं. तसं झालं नाही. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. आधी जेवण, मग शाळा, विणकाम, छपाई. उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं. 1921मध्ये मनोरमाही गेली. ते काम पुरं करून 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या.

यात मला कुठेच ‘का’चं उत्तर मिळालं नाही. पण चिडायला एक सोबत मिळाली.

मग सहीचा घोळ झाला. नुकसानभरपाईचे पैसे खात्यात आले, पण काढायला गेलो तर सही जुळेना. काउंटरवरचा म्हणाला, ‘काका, अंगठा द्या आणि मोकळे व्हा.’ अंगठा शाबूत होता. पप्पा म्हणाले, ‘मला लिहिता येतं.’ आणि आम्ही तसेच परत आलो.

रात्री जेवणानंतर ते माझ्या इंजिनिअरिंगच्या जुन्या जर्नलच्या कोऱ्या पानांवर डाव्या हाताने सही गिरवायला बसायचे. हात ओल्या शाईवरून सरकायचा, अक्षर फासायचं. एकदा मी म्हटलं, ‘हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. त्यात असं फासलं नसतं.’ इतक्या वर्षांच्या प्रेसच्या आवाजाने त्यांचे कानही गेलेत. मोठ्याने परत सांगावं लागलं. मग हसले. ‘म्हणजे आता मी हिब्रू शिकू?’

हसताहेत तोवर विचारून घेतलं, ‘पप्पा, तुम्हाला देवाचा राग नाही येत?’

‘येतो की. त्यालाच सांगतो. बाकीचे लगेच समजवायला बसतात.’

आता मी रविवारी जातो. मागच्या बाकावर बसतो. ‘कसोटी’ म्हणणारा भेटला की त्याला बायपासची वायर समजावून सांगतो. पाळकसाहेबांनाही एकदा सांगितली. त्यांनी दोन बटणांचं नीट विचारून घेतलं.

त्याच रात्री मी पप्पांना ते मिस्ड कॉलचंही सांगितलं. परत मोठ्याने सांगायचं धाडस झालं नाही, त्यामुळे त्यांना ऐकू गेलं की नाही कळलं नाही. त्यांनी पान उलटलं, हाताला लागलेली शाई लुंगीला पुसली आणि पुढची सही करायला घेतली.