अचलपूर: वेस, तट आणि संत्र्याची बाग

अमरावतीहून परतवाड्याची एसटी आसेगावला पूर्णा ओलांडते आणि समोर सातपुड्याची निळी रांग उभी राहते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा. परतवाडा ही एके काळची इंग्रजांची छावणी. जुनं अचलपूर तिला लागूनच.

राज्य बदलतं तेव्हा साधा माणूस काय करतो, हे विचारायला वऱ्हाडात याहून योग्य गाव नाही. 1296 मध्ये देवगिरीवर चालून जाताना अल्लाउद्दीन खिलजी इथे दोन दिवस थांबला, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. तहात त्याने देवगिरीच्या रामदेवरायाकडून एलिचपूरचा, म्हणजे याच गावाचा, महसूलच मागून घेतला. 1490 मध्ये फतहउल्ला इमादशहाने इथे स्वतंत्र गादी मांडली, 1574 मध्ये निजामशाहीने ती बुडवली. मग मोगल. मग निजाम आणि नागपूरकर भोसले एकाच वेळी, म्हणजे एका पिकावर दोन धनी. नोव्हेंबर 1803 अखेरीस अडगावची लढाई जिंकून इंग्रज सेनापती वेलस्ली गाविलगड किल्ल्याकडे निघाला, तेव्हा जखमी शिपायांचं इस्पितळ त्याने इथेच थाटलं. ते दिवस कापूस वेचणीचे. तोफा चालल्या होत्या तेव्हाही शिवारात बोंडं फुटलेली असणार आणि बायांनी ती वेचलीच असणार. लष्करी कागदांत त्या बाया नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या तटाच्या दुल्हा गेटपाशी मी बराच वेळ उभा होतो. 17 एप्रिल 2022 च्या रात्री इथे झेंड्यावरून दगडफेक झाली, गावात संचारबंदी लागली. रमजान चालू होता, लग्नसराई तोंडावर होती.

जवळच्या एका बागाईतदाराला त्या दिवसांबद्दल विचारलं. आंबिया बहाराची फळं तेव्हा लहान असतात. पाणी तुटलं की गळ सुरू होते. त्यात पंपाची वीज रात्रीची. "झाडाले संचारबंदी काय समजते बाप्पा? पानी त देनंच पडते," तो म्हणाला. मृग बहाराचा शेवटचा तोडा अजून झाडावर होता. घेणारा व्यापारी मुसलमान, त्याचे रोजे चालू. दोघं रोज फोनवर बोलत ते तोडा कधी करायचा आणि गाडी कुठून काढायची एवढंच. दगडफेकीचा विषय दोघांनीही काढला नाही. त्यात भीती असेलही. मला मात्र त्यात, बाहेर सगळं फाटत असताना आपला एक धागा धरून ठेवण्याची जिद्द दिसली. संचारबंदी ढिली झाल्यावर माल निघाला आणि हिशेब ईदेच्या आधी पुरा झाला.