विंचवाचं विष आणि हृदय

पाऊस लागला की कंधारात दगडाखालचे लाल विंचू घरात शिरतात. आज शेजारच्या पोराला डंख बसला. पायाला फारशी आग नाही, पण अंग घामानं निथळतंय, उलट्या, हातपाय गारठलेले. लोक मंत्र टाकणाऱ्याला बोलावू लागले. मी गाडी काढून सरळ दवाखान्यात नेलं.

वाटेत डॉ. हिंमतराव बावस्कर आठवत होते. जालन्याकडचे, म्हणजे आपल्याच मराठवाड्याचे. महाडला रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी ताडलं, की हे विष हृदयावर घाला घालतं. रक्तदाबावरच्या प्राझोसिननं त्यांनी माणसं वाचवली. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. केवढं मोठं काम!

विंचू चावल्यावर घाम फुटला, तर उतारा शोधू नका. दवाखाना गाठा.