पत्र्याआडची हवा

ऊर्जानगरात, म्हणजे चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, सायकलच्या चेनला तेल पाजलं म्हणजे ती जास्त टिकेल, असं धरून चालता येत नाही. वाऱ्यावर आलेली कोळशाची भुकटी आणि राख त्या तेलावर बसते. राखेत सिलिका असते. तेलात कालवली गेली की ती व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी चेन खात राहते. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला, आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. वीजनिर्मितीच्या आपल्या कोळशात बहुधा ३० ते ४५ टक्के राख असते. इथे वस्तू झाकून ठेवायची सवय घराघरात आहे, ती उगाच नव्हे.

या वसाहतीत वाढलेल्या एका मुलाने पहिला पत्रा बसवला तो वडिलांच्या सायकलला. गोड्या तेलाचा रिकामा डबा चिरून, ठोकून सपाट केला आणि चेनच्या अर्ध्या कव्हरला खालची बाजू जोडली. हात कापू नये म्हणून त्याने कड आत दुमडली, तर लिबलिबणारा पत्रा ताठ झाला. ती दुमड आजही त्याच्या प्रत्येक कामात दिसते.

पुढे तो केंद्रातच एका ठेकेदाराकडे लॅगिंगच्या कामाला लागला. टर्बाइनकडे जाणारी वाफ सुमारे ५४० अंशांची. त्या पाइपांवर खनिज लोकरीचे थर चढवायचे आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळायचा. वरचा पत्रा खालच्यावर यायला हवा, म्हणजे पावसाचं पाणी जोडात न शिरता ओघळून जातं. फिरत्या कपलिंगवर गार्ड बसवायचे तेही तो तिथेच शिकला. १९४८ च्या कारखाना कायद्याचं २१ वं कलम यंत्रांचे फिरते भाग झाकायला सांगतं, आणि हे कलम किती बोटं वाचवतं ते मेंटेनन्सवाल्यांना विचारावं.

मग घरी चेतक स्कूटर आली. तिला चेनच नाही. पण इंजिनावरचं काळं कव्हर उघडल्यावर त्याला नवी गोष्ट दिसली: फ्लायव्हीलवरच्या पंख्याची हवा ते कव्हर सिलिंडरच्या पात्यांवर नेऊन सोडतं. ते काढून गाडी चालवली तर इंजिन तापतं. झाकण थंडावाही देतं, हे त्याच्या मनात पक्कं बसलं. मोटारसायकलच्या इंजिनापुढे सबंध पत्रा ठोकून मागणाऱ्यांना तो तेव्हापासून स्पष्ट नाही म्हणतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात सत्तेचाळीस अंशांची झळ असताना वारा अडवणं म्हणजे इंजिनाचा जीव घेणं.

खरी कसोटी मेहुण्याच्या जीपची. मेहुण्याचं गाव आलापल्लीकडे. भामरागडच्या वाटेवरचे दगड आणि रपटे इंजिनाखालच्या ऑइल संपला केव्हा धडकतील याचा नेम नाही. भंगारवाल्याकडून किलोवर घेतलेला तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा त्याने पुढून वर वाकवला, म्हणजे दगडाला न अडकता गाडी सरकते. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, म्हणून पत्रा इंजिनाला न जोडता चेसीला बांधला आणि मध्ये बोटभर जागा ठेवली. ड्रेन बोल्टखाली भोक ठेवलं, पाणी-चिखल निघायला मागे फटी कापल्या. बोल्टांची भोकं लांबट ठेवली, सायलेन्सरजवळचा कोपरा कापून टाकला. बोल्टांखाली वायसर, वरून नायलॉक नट, शेवटी रेड ऑक्साइडचा हात. सुंदर काम होतं ते. गाडीखाली असल्याने कुणाला दिसत नाही, एवढंच.

समोर मिरवायच्या बुल बारची मागणी मात्र तो घेत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा बारांवर कारवाई करायला सांगितलं. धडकेत समोरच्या पादचाऱ्याला अशा बारमुळे जबर इजा होते, आणि गाडीच्या पुढच्या भागाने चुरगळून जो मार सोसायचा तो थेट चेसीवर येतो. हा फरक त्याला नियमाआधीच कळला होता, असं मला वाटतं: पत्रा कुणाला वाचवतो, हे तो आधी विचारतो.

उन्हाळ्यात मोहर्ली रस्त्याने जाणाऱ्या जीपवाल्यांना तो एक गोष्ट बजावतो. इंजिनाखालच्या गार्डच्या पोटात सागाची वाळलेली पानं आणि गवत साचतं, वर सायलेन्सर तापलेला. "भाऊ, आधी चार बोल्ट खोला, कचरा झाडा, मग जंगलात घाला गाडी." ते चारही बोल्ट त्याने मुद्दाम एकाच मापाचे ठेवलेत. गाडीत तेरा नंबरचा पाना असला की झालं.