कागदावरचे अंतर

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाला अंतराचा हिशेब न शिकवता येऊ लागतो. माझ्या बाबतीत तर तो पोटापाण्याचाच विषय आहे. दिब्रुगडच्या एका केंद्रीय कचेरीत मी इतरांची प्रवासभत्त्याची बिले तपासतो आणि जवळचा मार्ग कोणता, याचा निवाडा दिवसातून दहादा देतो. असे असूनही दिब्रुगडहून पासीघाट किती दूर, असे कोणी विचारले तर मी क्षणभर थांबतो.

नकाशावर पट्टी ठेवली तर मोहनबारीचा विमानतळ आणि पासीघाटची धावपट्टी यांत सुमारे ७२ किलोमीटर भरतात. पुण्याहून लोणावळ्याला जावे, त्याहून थोडे अधिक. पण मध्ये ब्रह्मपुत्र आडवा आहे. (हा नद आहे, नदी नव्हे, हे त्याचे पात्र पाहिल्यावर पटते.) पूर्वी बोगीबीलच्या घाटावर नावेची वाट पाहत दिवस जाई, असे जुने सहकारी सांगतात. २५ डिसेंबर २०१८ रोजी तेथे ४.९४ किलोमीटर लांबीचा पूल खुला झाला. आता सिलापथार, जोनाई करीत, रुकसिनच्या नाक्यावर अरुणाचलचा परवाना दाखवीत गेले की सुमारे दीडशे किलोमीटर होतात. एवढ्याला कोरड्या दिवसांत चार-साडेचार तास लागतात. पावसाळ्यात किती, ते पावसाने ठरवावे.

आणि मग विमान आले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेल्या डॉर्नियर २२८ या सतरा आसनी विमानाचे पहिले व्यापारी उड्डाण १२ एप्रिल २०२२ रोजी झाले, तेही दिब्रुगडहून पासीघाटलाच. माझी पत्नी पासीघाटच्या एका केंद्रीय कार्यालयात आहे आणि तेव्हा चार वर्षांची असलेली आमची मुलगी तिच्याजवळ असते. तेव्हा ही बातमी मी किती वेळा वाचली असेन, ते सांगायला नको.

त्या हिवाळ्यात मी तिकीट काढले. या विमानाचा वेग ताशी चारशे किलोमीटरांच्या घरात. म्हणजे गणिताने अकरा मिनिटे. परंतु लहान पल्ल्यावर विमानाला तो वेग अंगात मुरवायला सवडच मिळत नाही. चढणे संपते न संपते तोच उतरणे सुरू होते, आणि धावपट्टीच्या रोखाने वळसा घ्यावा लागतो तो निराळाच. चाके सुटल्यापासून टेकेपर्यंत माझ्या घड्याळात बावीस मिनिटे झाली. खाली वाळूची बेटे आणि पाण्याच्या वेण्या, समोर निळे डोंगर. ती बावीस मिनिटे मी आजही जपून ठेवली आहेत.

त्याआधी मात्र सकाळच्या धुक्यात आम्ही तीन तास मोहनबारीला बसून होतो. गावातून विमानतळ, तेथली तपासणी, पलीकडे पुन्हा गाडी, असे सारे धरून दारापासून दारापर्यंत पाच तास झाले. मोटारीने मी आधी पोहोचलो असतो.

पुढे आम्ही उभयतांना एकाच ठिकाणी नेमावे म्हणून अर्ज केला. तो परत आला. शेऱ्याचा आशय असा, की दोन्ही ठिकाणे हवाई मार्गाने जोडलेली असून त्यांतील अंतर अत्यल्प आहे. मी स्वतः कारकून असल्यामुळे या वाक्यात नियमाविरुद्ध काहीच नाही, हे मला लगेच दिसले. आणि ज्याने ते लिहिले त्याच्याजवळही माझ्यासारखाच एक नकाशा आणि एक पट्टी असणार.

दुसरा अर्ज गेल्या महिन्यात पाठवला आहे. त्यात किलोमीटर कोठेच लिहिले नाहीत. गेल्या वर्षातले रविवार लिहिले आहेत, आणि त्यांपैकी किती रविवारी मी पासीघाटला पोहोचू शकलो, तो आकडा.