जळू लावण्यापूर्वी

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की आमच्या आयुर्वेद रुग्णालयाच्या शालाक्य विभागात जळवा लावून घ्यायला येणाऱ्यांची रीघ लागते. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदात खवळतं आणि रक्त बिघडवतं, म्हणून रक्तमोक्षण शरदात करावं, ही रीत पुष्कळांना घरातल्या थोरांकडून ठाऊक असते. हासळीच्या हाडाच्या वरचे सगळे आजार शालाक्याकडे येतात. कुणाला डोक्यात चाई पडलेली असते, कुणाची अर्धशिशी थांबत नाही, कुणाच्या तोंडावर पिकलेल्या पुळ्या असतात. या सगळ्यांनाच जळू लावायची नसते. कुणाला लावायची नाही हे ठरवण्यात माझा बराच वेळ जातो, आणि इतक्या वर्षांच्या कामानंतर मला वाटतं की तो जायलाच हवा.

एकदा कॉलेजात जाणारी एक मुलगी आईबरोबर आली. कानाच्या वर रुपयाएवढी चाई होती आणि ती झाकण्यासाठी केस कायम एका बाजूला घेतलेले. आईने विचारलं, "मॅडम, पोरीला दुखेल का हो फार?" मी म्हटलं, "मुंगी चावल्यासारखं वाटेल, मग फारसं कळणार नाही. पण आधी रक्त तपासू." हिमोग्लोबिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, साखर, कावीळ-बी, एचआयव्ही हे सगळं पाहिल्याशिवाय आम्ही बरणीला हात लावत नाही.

अहवाल ठीक आले. जळू आधी हळदीच्या पाण्यात सोडली. तिथे ती चपळ झाली, मग तिला स्वच्छ पाण्यात घेतलं. चाईची जागा नुसत्या पाण्याने धुतली, कारण साबणाचा, स्पिरिटचा किंवा सुगंधी तेलाचा वास राहिला तर जळू तोंड लावत नाही. तरीही ती लागेना, तेव्हा सुईच्या टोकाने रक्ताचा एक थेंब काढला आणि लगेच तिने पकड घेतली. लागलेल्या जळूचं तोंड घोड्याच्या खुरासारखं दिसतं आणि मान उचललेली असते, असं सुश्रुताने लिहिलं आहे. डोळ्यांसमोर अगदी तेच दिसत होतं. जळूच्या अंगावर ओली पट्टी टाकून आम्ही वरून थेंब थेंब पाणी सोडत राहिलो. मुलीने डोळे उघडले ते आईच्या चेहऱ्याकडे पाहायला.

पोट भरलं की जळू आपण होऊन गळून पडते. त्याआधी खाज किंवा टोचणी सुरू झाली तर ती शुद्ध रक्त ओढायला लागली असं समजावं आणि तोंडाशी सैंधव किंवा हळद टाकून तिला सोडवावं. ओढून कधीच काढायची नाही. जळूला तीन जबडे असतात, त्यांवर बारीक दातांच्या रांगा असतात आणि चाव्याच्या जागी मध्यावर मिळणाऱ्या तीन रेघा उमटतात. तिच्या लाळेतल्या एका द्रव्यामुळे रक्त गोठत नाही. हे द्रव्य हेक्राफ्ट नावाच्या शास्त्रज्ञाने 1884 मध्ये दाखवून दिलं. म्हणूनच जळू सुटल्यावरही जखम काही तास पाझरते. पट्टी बांधताना मी घरच्यांना हे दोनदा सांगते, नाहीतर रात्री उशीवर डाग पाहून घर हादरतं.

त्यानंतरचं काम रुग्णाला दिसत नाही. जळूच्या तोंडाला हळद लावून शेपटीकडून तोंडाकडे हलक्या हाताने दाबत प्यायलेलं रक्त ओकवावं लागतं. नीट ओकलेली जळू पाण्यात सोडली की खाणं शोधत फिरू लागते. तळाशी निपचित पडली तर पोटात रक्त राहिलं आहे. अशा जळूला इंद्रमद नावाचा असाध्य रोग होतो, अशी सुश्रुतसंहितेत नोंद आहे. ज्याची जळू त्याच्यासाठीच ठेवायची, बरणीवर नाव लिहायचं आणि दुसऱ्या रुग्णाला ती कधीही लावायची नाही, हा आमचा कडक नियम आहे.

परत पाठवलेले रुग्णही मला तितकेच आठवतात. हृदयविकारामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे एक आजोबा डोकेदुखीसाठी हट्ट धरून बसले होते. त्यांना जळू लावली असती तर रक्त थांबवणं अवघड झालं असतं. एक बाई लाल डोळा, प्रचंड ठणका आणि उलट्या घेऊन आल्या. दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, म्हणाल्या. डोळ्याचा दाब एकाएकी चढल्याची ही लक्षणं. अशा वेळी तासांचा हिशेब असतो, म्हणून रिक्षा बोलावून त्यांना तडक नेत्रतज्ज्ञाकडे धाडलं. कुठल्याशा जत्रेत जळवा लावून घेतलेला एक तरुणही आला होता, मान सुजलेली आणि जखमेत पू. जळूच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जंतू असतात, आणि घाणेरड्या हाताळणीने आणखी भर पडते. त्याला प्रतिजैविकं द्यावी लागली.

जळूवर माझी श्रद्धा आहे, आणि ती फक्त ग्रंथावर उभी नाही. 1985 मध्ये बोस्टनमध्ये कुत्र्याने तोडलेला एका पाच वर्षांच्या मुलाचा कान शल्यचिकित्सक जोसेफ अप्टन यांनी पुन्हा जोडला. बारीक शिरांतून रक्त परत फिरेना, कान काळानिळा पडू लागला, तेव्हा जळवा लावून तुंबलेलं रक्त काढलं आणि कान वाचला. 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जळवांना अशा उपचारासाठी रीतसर परवानगी दिली. तुंबलेलं रक्त वाहतं करणं हे जळूचं खरं बळ आहे.

त्या मुलीच्या चाईवर काही आठवड्यांनी पांढुरकी लव आली, मग काळे केस आले. आई हात जोडायला लागली, तेव्हा मी तिला पहिल्या दिवशी सांगितलेलं पुन्हा सांगितलं: लहान चाई पुष्कळदा आपसूकही भरते, त्यामुळे सगळं श्रेय जळूला देऊ नका. खोटी हमी देऊन ही चिकित्सा टिकणार नाही. ती टिकावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून नव्या विद्यार्थ्यांना मी आधी बरण्या सांभाळायला देते. दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलायचं, सातव्या दिवशी भांडं, हा नियमही सुश्रुताचाच. जो विद्यार्थी हा नियम पाळतो आणि रुग्णाला न कंटाळता प्रश्न विचारतो, त्याच्याच हातात मी जळू देते.