मोघम कपाशी आणि जादूचे नियम

जून २०२०मध्ये 'टॉवर ऑफ गॉड' थांबलं. २०१०पासून चालू असलेलं हे कोरियन वेबकॉमिक. सियू या टोपणनावानं ते काढणाऱ्या लेखकाची तब्येत बिघडली आणि पुढचा भाग यायला जवळजवळ वर्ष लागलं. लॉकडाऊन चालू होता. माझी पहिली नोकरी जळगाव जामोद तालुक्यातल्या घरातून, माळवदावर रेंज शोधत सुरू होती. कॉलेजच्या सहा जणांचा ग्रुप होता. वाचायला नवीन काही नाही म्हटल्यावर एकच काम उरलं : थिअऱ्या.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. एक अवाढव्य टॉवर आहे. त्यात 'शिन्सू' नावाची शक्ती भरलेली आहे, हवेसारखी आणि पाण्यासारखीही. प्रत्येक मजल्याचा एक रखवालदार असतो आणि शिन्सू वापरायचं तर त्याच्याशी करार करावा लागतो. पण काही जण टॉवरचं दार स्वतः उघडून आत येतात. त्यांना 'इरेग्युलर' म्हणतात आणि नेहमीचे नियम त्यांना लागू पडत नाहीत. त्यांच्यातल्या एनर्यूनं तर ४३व्या मजल्याचा रखवालदारच मारला, जे अशक्य मानलं जात होतं.

आता प्रश्न असा, की नियम मोडला की नियम आपल्याला नीट कळलाच नव्हता?

या एका प्रश्नावर आम्ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडलोय. कुणी जुने पॅनल काढायचं, कुणी भाषांतरातल्या शब्दावर बोट ठेवायचं. ग्रुपचा एक अलिखित नियम होता. थिअरी मांडणाऱ्यानं हेही सांगायचं, की पुढे काय दिसलं तर ही थिअरी चूक. "लेखकाच्या मनात आलं तर काहीही होऊ शकतं" म्हणणाऱ्याला बाद केलं जायचं. कारण ते कधीच चुकत नाही आणि म्हणून त्यातून काही कळतही नाही. दिवसा मी ऑफिसच्या कामात हेच करत होतो : आतला कोड दिसत नाही, काय घातल्यावर काय बाहेर येतं तेवढंच दिसतं, त्यावरून अंदाज बांधायचा आणि तो मोडतो का ते बघायचं.

त्याच महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. उल्केच्या आघातानं तयार झालेलं ते खारं सरोवर, एरवी हिरवट दिसणारं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थिअऱ्यांचा पाऊस पडला. लवणासुराचं रक्त, कुणीतरी सोडलेलं केमिकल, लॉकडाऊनमुळे शुद्ध झालेली हवा. मग पाण्याचे नमुने प्रयोगशाळांत गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सांगितलं, की हा रंग मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे. ते पाणी काही काळ न हलवता ठेवलं तर जीव तळाशी बसतात आणि वरचं पाणी स्वच्छ दिसतं. मला हे वाचून टॉवरचा नवीन भाग आल्यासारखा आनंद झाला. एवढ्या थिअऱ्यांतली एक बाटलीत भरून तपासता आली होती.

पण आमच्या भागातली सगळ्यात मोठी 'मॅजिक सिस्टिम' लोणारला नाही, आमच्याच तालुक्यात आहे. भेंडवळची घटमांडणी. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात वर्तुळात अठरा धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाचे चार महिने. त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी. पानविडाही असतो. रात्री तिथं कुणी थांबत नाही. सकाळी सूर्योदयाला वाघ घराण्यातले महाराज पाहणी करतात. ढेकूळ भिजलं तर त्या महिन्यात पाऊस. कुठला दाणा आत सरकला, कुठला बाहेर, त्यावरून त्या पिकाचं भाकीत. करंजी म्हणजे देशाची तिजोरी, पानविडा म्हणजे राजा, पुरी म्हणजे पृथ्वी. ऐकायला आजूबाजूच्या जिल्ह्यांतून शेतकरी येतात.

आणि मग पारावर चर्चा रंगते. दाणा वाऱ्यानं हलला की मुंगीनं नेला? मुंगीनं नेला तर भाकीत धरायचं का? मागच्या साली जुलैचं ढेकूळ कोरडं होतं, तरी पाऊस पडला, मग पाह्यणाऱ्याचं चुकलं की आपल्या ऐकण्यात चुकलं? वय सत्तर असो की सतरा, वाद घालायची पद्धत हुबेहूब आमच्या ग्रुपसारखी.

फरक एवढाच, की टॉवरवरची पैज हरली तर मला सहा जणांना चहा पाजावा लागतो. इथं पैज वावराची असते. आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. जमिनीखालचं पाणी खारं, त्यामुळे विहीर खणून सुटका नाही, सगळी भिस्त पावसावर. पहिल्या सरीला पेरलं आणि नंतर पावसानं पाठ फिरवली की दुबार पेरणी. सोयाबीनला एकरी ३० किलोची बॅग लागते, ती पुन्हा आणायची, बहुतेक वेळा उधारीवर. अशा ठिकाणी जादूचे नियम कुणालाही हवेसे वाटतील.

त्या उन्हाळ्यात मी एक एक्सेल शीट करायला घेतली. जुन्या पेपरांतली भाकितं एका रकान्यात, प्रत्यक्षात काय झालं ते दुसऱ्यात. पहिल्याच पानावर गाडी अडली. 'कपाशी मोघम.' 'ज्वारी सर्वसाधारण.' 'पाऊस कुठे जास्त, कुठे कमी.' मोघमला मार्क किती द्यायचे? कुठे जास्त आणि कुठे कमी पाऊस पडला नाही, असं एक तरी वर्ष सापडेल का? भाकीत चूक ठरवायला आधी ते चुकू शकेल असं असावं लागतं.

हवामान खातं 'सामान्य पाऊस' म्हणतं तेव्हा त्या शब्दाला आकडा असतो : ८७ सेंटीमीटरच्या दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. ते चुकतं आणि चुकलं हे दाखवता येतं. पण तो आकडा अख्ख्या देशाचा, चार महिन्यांचा. आमच्या कपाशीबद्दल त्यात अक्षर नसतं. घटात निदान कपाशीचं नाव घेतात. हे मान्य केल्याशिवाय लोक तिथं पहाटे का जातात ते कळत नाही.

शीटबद्दल बाबांना सांगितलं. ते दरवर्षी भाकीत ऐकतात. हसले आणि म्हणाले, "तुह्या त्या कॉमिकवाल्यानं तरी सांगतलं का तुले, कवा सुरू करीन म्हून?"

मी विचारलं, "पण बाबा, मोघम म्हणजे तुम्ही काय समजता?"

"मोघम म्हंजे सारं वावर एकाच पिकाखाली टाकू नको. एवढंच."

आमचं वावर कधीच एका पिकाखाली नसतं. घटानं कपाशी चांगली सांगितली त्या वर्षीही तुरीच्या ओळी होत्याच. आणि पेरणीचा दिवस त्यांनी भाकितावर कधी ठरवला नाही. पाऊस झाला की खुरपं घेऊन जातात, तीन-चार जागी माती उकरतात, ओल वीतभर खाली गेली का ते बोटानं बघतात. नाही गेली तर परत येतात, मग शेजारच्या वावरात तिफण चालू का असेना. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो, तेच हे, फक्त मिलिमीटरऐवजी वीत.

आमच्या ग्रुपचा अलिखित नियम ते आमच्या आधीपासून पाळत होते, आणि जिथं चूक महागात पडते नेमकं तिथं पाळत होते. मला काळजी वाटते ती त्यांची नाही. भाकितावर खूश होऊन सावकाराकडून बियाण्याला पैसे उचलणारे आणि ओल न बघता पेरणारेही आमच्याच गावात आहेत. त्यांच्याशी "जादू खरी की खोटी" हा वाद घालून मी एकदाही कुठे पोचलेलो नाही. "ओल किती गेली?" असं विचारलं की मात्र बोलणं पुढे जातं.

मे २०२१च्या शेवटी टॉवर परत सुरू झालं. आमच्या बऱ्याच थिअऱ्या अजून अधांतरी आहेत, काही आपटल्या, आणि आपटल्या तेव्हा सगळ्यात जास्त मजा आली. सियू कधीतरी उत्तर देईल या भरवशावर आम्ही भांडत राहू शकतो. पावसाचं तसं नाही, त्याला लेखक नाही. माझ्या शीटमध्ये भाकिताच्या शेजारी आता एक नवीन रकाना आहे. पेरणीच्या दिवशी बाबांना फोन करून तो मी भरतो. त्यात आकडाही नसतो आणि मोघमही नसतं. 'वीतभर', 'चार बोटं' किंवा 'आज नाही', एवढंच.