अवज्ञेच्या आधी

अति परिचयात अवज्ञा ही म्हण खरी असेल, पण तिच्यातला पहिला आठवडा कुणीतरी गाळला आहे, असं मला सध्या सारखं वाटतंय. परिचय अति व्हायलाही काही दिवस जावे लागतात. त्या दिवसांत काय होतं, याबद्दल म्हण अवाक्षर काढत नाही.

प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचं इंजेक्शन याच म्हणीच्या भरवशावर चालतं. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस दर दीड-दोन तासांनी शेजारच्या पिट्युटरी ग्रंथीला एक छोटासा निरोप धाडतो. तो मिळाला की पिट्युटरी वृषणांना कामाला लावते आणि टेस्टोस्टेरॉन तयार होतं. हा कॅन्सर त्यावरच पोसला जातो, हे शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली दाखवलं. निरोपाचं रसायन नेमकं काय, हे अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांनी डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या असंख्य मेंदूंमधून शोधलं आणि 1977 चं नोबेल मिळवलं. पुढे पिट्सबर्गला अर्न्स्ट क्नोबिल यांच्या प्रयोगशाळेत माकडांवर दिसलं ते फार विलक्षण होतं. निरोप तासातासाने दिला तर ग्रंथी इमानाने काम करते. तोच अखंड देत राहिलं, तर काही दिवसांत ती ऐकणं सोडते.

म्हणून गोसेरेलिनची तांदळाएवढी कांडी पोटाच्या कातडीखाली सोडतात. माझ्या वडिलांनी, नानांनी, शर्ट वर केला तेव्हा ती जाड सुई मी पाहिली. नाना मात्र खिडकीबाहेर बघत होते. कांडीतून औषध झिरपत राहतं, ग्रंथीला उसंत म्हणून मिळत नाही, आणि तीन-चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन तळाला जातं.

पण त्याआधी ती ग्रंथी सगळं ऐकते, जिवाचे कान करून ऐकते. पहिल्या आठवड्यात टेस्टोस्टेरॉन उतरायच्या ऐवजी चढतं. आजार नानांसारखा मणक्यात पोचला असेल तर हे चढणं महागात पडू शकतं. हाडं जास्त ठणकतात, लघवी तुंबते, क्वचित मज्जारज्जूवर दाब येऊन पायांतलं बळ जातं. ते टाळायला नानांना इंजेक्शनच्या आठवडाभर आधीपासून बायकॅल्युटामाइडची 50 मिलिग्रॅमची गोळी सुरू केली होती आणि नंतरही काही आठवडे ती चालू राहिली. ती टेस्टोस्टेरॉन कमी करत नाही. ते पेशीत जिथे जाऊन चिकटतं, ती जागा अडवून बसते. डिगॅरेलिक्ससारखं औषध निरोपच अडवतं, त्यामुळे ही चढण येत नाही. ते महाग पडतं. शस्त्रक्रियेने वृषणं काढली तर काही तासांतच पातळी कोसळते, आणि आपल्याकडे अनेक घरांना तोच मार्ग परवडतो. रक्तात आधीच पुरेसं टेस्टोस्टेरॉन असताना आणखी थोडं वाढल्याने कॅन्सरला खरंच किती फरक पडतो, अशी शंका घेणारे तज्ज्ञही आहेत. ती शंका वाचून मला धीर यायला हवा होता. आला नाही.

नाना शाळेत संस्कृत शिकवायचे. इंजेक्शनचं हे सगळं त्यांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, ‘‘अरे, मग पुढची ओळ घे की.’’ मूळ सुभाषितात पुढे मलय पर्वतावरची भिल्लीण येते. तिच्याभोवती चंदनाचं रान, म्हणून ती चंदनच चुलीत घालते. लहानपणापासून मी हे ऐकत आलो आणि दर वेळी त्या बाईला नावं ठेवूनच ऐकलं. आता मात्र ती डोक्यातून जात नाही. तिला स्वयंपाक करायचा होता. हाताशी जे लाकूड होतं ते तिने जाळलं. यात अवज्ञा कुठे आली? चंदनाचा वास तिला येत नसेल, की येत असूनही मुलांना भाकरी घालणं जास्त महत्त्वाचं असेल? सुभाषित रचणाऱ्याने तिला काही विचारलेलं दिसत नाही.

नाना रोज पूजेआधी सहाणेवर गंध उगाळतात. दोन थेंब पाणी, खोड तिरपं धरायचं, एकाच दिशेने फिरवायचं. त्यांना तो वास येत नाही, असं त्यांनीच एकदा सांगितलं. पण खोड बदललं की पहिले काही दिवस येतो. ते वासाचा अनादर करतात असं मी कधीच म्हणणार नाही. पिट्युटरीचंही तसंच आहे. अखंड मारा झाला की ती आपल्या पेशींवरचे निरोप झेलणारे ग्राही आत ओढून घेते. हा तिरस्कार नव्हे. तगून राहण्याची एखादी रीत असेल. की नुसता थकवा?

इंजेक्शननंतरच्या त्या पहिल्या दिवसांत डॉक्टरांनी बजावलं होतं: पाठ जास्त दुखली, पायाला मुंग्या आल्या, लघवी अडली, तर रात्र-अपरात्र न बघता फोन करा. म्हणून आम्ही विचारत राहिलो. मी विचारायचो, बहीण पुण्याहून फोनवर विचारायची, शेजारचे काका जिन्यात गाठून विचारायचे. सुरुवातीला नाना नीट सांगायचे: कमरेच्या डाव्या बाजूला, रात्री जास्त, कूस बदलली की कमी. मग उत्तरं आखडत गेली. शेवटी काहीही विचारलं तरी ‘‘बरंय.’’ तोपर्यंत दुखणं खरोखर उतरलं होतं, की आमचा प्रश्नच त्यांना ऐकू येईनासा झाला होता, हे मला अजून ठरवता येत नाही. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. पण रिपोर्ट टेस्टोस्टेरॉनचा होता.

आई काही विचारायची नाही. पाटावरून उठताना नाना हात कुठे टेकतात, तेवढं बघायची. ते तिला सगळं सांगून जातं असं मी धरून चालत होतो. परवा तिला म्हटलं तर ती म्हणाली, ‘‘मी बघतेय हे त्यांना कळतं रे. आणि कळलं की ते सावरून उठतात.’’